कण्याचा नवस

आमच्या स्वयंपाकघरात, देवाच्या फोटोशेजारी, प्राण्यांच्या वर्गीकरणाचा तक्ता अख्खा एक हंगाम लटकलेला होता. त्यावर हळदीचे, तेलाचे आणि झिंग्यांच्या रश्श्याचे डाग पडले होते. तो मी दहावीच्या वर्गासाठी केला होता. वर्गात एकदाच लागला. पुढं तो आमच्या घरी कोर्टकचेरीच्या कामी आला.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, वडश्यापासून स्कूटीच्या टप्प्यात. मी वडश्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. बाबा धानाची शेती करतात, पण शेतकरी म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. ते गावच्या नाटकातले खलनायक. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे उतरतात, आणि मंडईला ज्या गावात नाटक नाही त्या गावात पोरगी द्यावी की नाही यावर लोक गंभीरपणे विचार करतात. गावच्या हौशी मंडळात बाबांचं हसणं प्रसिद्ध होतं. ते स्टेजवर हसायला लागले की पुढं बसलेली लेकरं आईच्या पदरात शिरायची. घरी हाच माणूस झुरळ दिसलं की पलंगावर चढतो, पण ते असो.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी बाबांना ताप आला आणि घसा बसला. ताप गेला, आवाज काही परत आला नाही. तोंड उघडलं की नुसती हवा निघायची, पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघते तशी. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं घशात आरसा घालून पाहिलं. म्हणाला, सूज आहे, बोलू नका, हळूहळू येईल आवाज. पण मंडईची तारीख हळूहळू येत नसते. दसऱ्यानंतर तालमी सुरू व्हायच्या, आणि तोवर आवाज आला नाही तर खलनायकाचा पार्ट चौकातल्या टेलरला जाणार हे मंडळानं सांगून टाकलं होतं.

हा टेलर वर्षानुवर्षं हवालदार करायचा. 'साहेब, पंचनामा झाला' हे त्याचं एकमेव वाक्य. आता तो रोज संध्याकाळी तुळशीची पानं घेऊन आमच्या ओसरीवर यायचा.

"काऊन भाऊ, आला का आवाज?"

बाबा मान हलवून नाही म्हणायचे. टेलर च्यक् च्यक् करायचा आणि जाताना जरा जास्तच ताठ चालायचा. आठवड्याभरात त्यानं मिशी वाढवायला घेतली. मला त्या मिशीचा असा राग यायचा की त्याच्याकडं शिवायला टाकलेला ब्लाऊज मी अर्धवट परत आणला.

आईचा डॉक्टरवर विश्वास होता, पण अर्धाच. उरलेला अर्धा तिनं गावच्या देवीसाठी, माता मायसाठी राखून ठेवला होता. ती म्हणाली, "आवाज येवापर्यंत मांसमच्छी सोडा. माता मायपुढं नारळ फोडून बोला."

बाबांचा चेहरा पडला. या माणसाला रविवारी कोंबडी मिळाली नाही तर सोमवारी त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. ते कुजबुजले, "सगळंच?"

"सगळंच."

मी त्या वेळी ओसरीवर तक्ता रंगवत बसले होते. बाबा येऊन शेजारी उकिडवे बसले. तक्त्याचे दोन भाग होते. एका बाजूला पाठीचा कणा असलेले, म्हणजे पृष्ठवंशीय: मासे, बेडूक, साप, पक्षी, गाय, माणूस. दुसऱ्या बाजूला कणा नसलेले. बाबांची नजर त्या दुसऱ्या बाजूवर फिरली आणि एका चित्रावर थांबली. त्यांनी बोट ठेवलं.

"झिंगा इकडं?"

"हाव. त्याले कणा नसते. वरून कवच असते."

"अन् खेकडा?"

"तो बी तिकडंच."

बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मी आधी फक्त स्टेजवर पाहिलं होतं, जमीन हडपायचा बेत सुचल्यावर येतं ते. दुसऱ्या दिवशी माता मायपुढं नारळ फोडून, हात जोडून, त्यांनी उरलीसुरली सगळी हवा गोळा करून नवस बोलला, "आवाज येवापर्यंत पाठीचा कणा असलेल्या कोणत्याच जिवाले तोंड लावणार नाई."

आईला वाटलं, वा, किती विचारपूर्वक बोलला माझा नवरा. बाजारातून येताना बाबांच्या पिशवीत झिंगे निघाले तेव्हा तिला उलगडा झाला. ती आधी बाबांवर ओरडली, मग माझ्यावर. "तूनंच शिकवलं! पगार घेऊन हेच शिकवतं का शाळेत?" मी म्हटलं, मी तक्ता काढत होते, वकिली करत नव्हते. पण झिंगे त्या रात्री शिजले. नवस बोलून झाला होता आणि बोललेला नवस माता माय शब्दाला शब्द धरते, असं आईचंच म्हणणं होतं.

त्या दिवसापासून आईनं तक्ता स्वयंपाकघरात टांगला. वर्गात मुलांना मी महिनाभर जे समजावत होते ते तिनं चार दिवसांत पाठ केलं, कारण मुलांना फक्त पास व्हायचं होतं आणि हिला नवऱ्याला पकडायचं होतं. भाजी परतता परतता ती मला प्रश्न विचारायची. मासा श्वास कशानं घेतो, बेडूक दोन्हीकडं कसा राहतो, सरडा आणि साप एकाच वर्गात काऊन. टेलरला तिनं उभयचरात टाकलं. "दोनीकडं असते तो. तुमच्याकडं रडते अन् मंडळाकडं हसते."

पहिला मोठा खटला बोंबलाचा. वडश्याच्या बाजारात सुके बोंबील आले होते. बाबांचा दावा असा की बोंबलाला कणा नसतोच, असता तर दाताला लागला असता. त्यांनी पाण्यात भिजवून मऊ केलेला एक बोंबील माझ्यासमोर धरून वाकवला, पिळला, त्याची गाठ मारली. "आता सांग, कणा असता तं गाठ बसली असती का?"

मी बोंबील उभा चिरून आतला बारीक मणक्यांचा दोरा काढून दाखवला. अस्थिमत्स्य. हाडं मऊ आहेत, पण आहेत. बाबांनी त्या बोंबलाकडं असं पाहिलं, जणू त्यानंच त्यांचा विश्वासघात केला. मग त्यांनी शार्कबद्दल विचारलं. शार्कला हाडं नसतात, सगळी कूर्चाच असते, हे त्यांनी तक्त्यावर वाचलं होतं. मी सांगितलं, कूर्चेचा असला तरी तो मणक्यांचा कणाच, आणि वैनगंगेत शार्क नाही. या दुसऱ्या कारणाचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

दुसरा खटला आईनं उभा केला. तक्त्याच्या अगदी वर मी मोठ्या अक्षरात 'समपृष्ठरज्जू प्राणी' असं लिहिलं होतं. तिनं विचारलं, हे काय? मी समजावलं की पृष्ठवंशीयांचं घराणं यात येतं. या सगळ्यांच्या पाठीत, आयुष्यात कधी ना कधी, एक लवचीक दांडी असते. तिचं नाव पृष्ठरज्जू. तिच्या वर पोकळ चेतारज्जू, घशाच्या बाजूला कल्ल्यांच्या फटी आणि मागे शेपूट. बहुतेकांमध्ये दांडीची जागा पुढं मणके घेतात.

"कल्ले अन् शेपूट? मनजे माणसाले बी?"

"आईच्या पोटात असताना असते. शेपूट असते, घशाजवळ तशाच घड्या बी असतात. मंग जाते सगळं."

आईनं बाबांकडं निरखून पाहिलं. "तुमचं पुरतं गेलेलं दिसत नाई," ती म्हणाली.

बाबांना मात्र वेगळंच सुचलं होतं. त्यांनी विचारलं, या घराण्यात असा कोणी आहे का की ज्याच्या अंगात दांडी आहे पण मणके नाहीत? मला खोटं बोलायला हवं होतं. पण शिक्षकाची जात, विचारलं की उत्तर देते. मी सांगितलं, आहेत. एक वाळूत पुरून राहतो, आयुष्यभर दांडीवरच भागवतो. दुसरा लहानपणी शेपटीनं तुरुतुरु पोहतो, मग एखाद्या खडकाला डोकं चिकटवतो, शेपूट जाते, दांडीही जाते, आणि जन्मभर एका जागी बसून पाणी आत घेतो, गाळतो आणि बाहेर सोडतो.

"लग्नाच्या येळी तुरुतुरु होते हे," आई माझ्याकडं न बघता म्हणाली.

"कुठी भेटते?" बाबांनी विचारलं. त्यांना टोमणा ऐकूच आला नव्हता.

"समुद्रात."

बाबांनी डोळे मिटले. गडचिरोली जिल्ह्यातून समुद्र किती लांब आहे याचं दुःख मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला झालेलं पाहिलं.

मग आलं अंडं. अंड्यात कणा कुठे, हा बाबांचा प्रश्न बिनतोड होता. मी निकाल दिला की दुकानातलं अंडं चालेल, त्यात पिल्लू व्हायचंच नसतं. पण बाबांना गावरान अंडं हवं होतं. मी म्हटलं, ताजं असलं तर चालेल. मात्र कोंबडी त्यावर बसली की दिवस उलटायच्या सुमारास आत पृष्ठरज्जू दिसायला लागतो. एवढं ऐकून आई कोंबडीच्या बाजूनं आणि बाबा अंड्याच्या बाजूनं कामाला लागले. आई डालग्यात धानाचं मऊ तणस घालून कोंबडीला बस म्हणायची. बाबा डालग्यासमोर ठाण मांडून, अंडं पडलं रे पडलं की हात घालायला टपलेले. तो माणूस तासन्‌तास कोंबडीच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचा. खलनायकाची नजर. कोंबडीनं अंडी देणंच बंद केलं.

सगळ्यात मोठा बखेडा सुकटीवरून झाला. वाळलेल्या झिंग्यांत बोटाच्या पेराएवढे मासे मिसळलेले असतात, हे कोणी कधी बघत नाही. आईनं बघितलं. बाबांच्या ताटातून तिनं एक चिमुकला मासा उचलला आणि माझं शाळेतलं भिंग लावून सगळ्यांना दाखवला. कणा स्पष्ट होता. "हेच! माता माय नवसाले कशी पावन? किती दिवसांपासून पोटात कणे चालले कोणाले मालूम!" दुसरा नारळ फोडून माफी मागावी लागली. नंतर दर बाजारच्या दिवशी आम्ही तिघं परातीभोवती बसून सुकट निवडायचो, पृष्ठवंशीय डावीकडं, अपृष्ठवंशीय उजवीकडं. डावीकडचे मांजराला. मांजर त्या हंगामात चांगलं बाळसं धरून होतं.

हे सगळं मी हसत सांगते आहे, आणि तेव्हाही आम्ही हसतच होतो. पण दसरा सरला तसं घरातलं हसू कमी झालं. तालमीचे आवाज चौकातून ऐकू यायला लागले. पेटी वाजली की बाबा उठून गोठ्यात जायचे. आई रोज सकाळी त्यांना 'बोला बरं' म्हणायची, ते तोंड उघडायचे, हवा निघायची, आणि आई 'होईन, होईन' म्हणत पाठ फिरवायची. मला वाटायचं, खलनायकाचं एवढं काय. आणि मग बाबा टेलरच्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीनं घरी यायचे ते दिसायचं, आणि माझं मलाच वाईट वाटायचं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी जायच्या वाटेवर आमचं शेत लागतं. धान पिवळं पडलं होतं आणि बाबा वानरं हाकायला मचाणासारख्या मांडवावर बसलेले असायचे. मी बांधावरून चालले होते आणि एकदम ते हसणं ऐकू आलं. पूर्ण. भरदार. शेताकडच्या पांदीतली वानरं झाडावरून झाडावर उड्या मारत पळाली. मी जागच्या जागी उडी मारली. आवाज आला होता!

मी धावतच निघाले, तेवढ्यात बाबांनी संवाद सुरू केला. "या गावात सूर्य उगवतो तो माझ्या परवानगीनं, आणि मावळतो तो..." ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून. "या गावात सूर्य उगवतो तो माझ्या परवानगीनं, आणि मावळतो तो..." पुन्हा तिथंच थांबले. असं कितीदा तरी झालं. दर वेळी आवाज आधीपेक्षा मोठा आणि दर वेळी तिथंच खड्डा. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला, आणि वळले तर मी उभी.

सवयीनं त्यांनी आधी कुजबुजायला तोंड उघडलं. मग खांदे पाडले.

"आवाज आला, माय. शब्द गेले."

"कवापासून?"

"आवाज येऊन लय दिवस झाले. पोळा झाला अन् आला. मी खुशीत पार्ट म्हणाले बसलो, तं हे असं. तापानं नेलं का वयानं नेलं, काई समजून नाई राह्यलं." ते मांडवाच्या बांबूला धरून उभे होते. "स्टेजवर गेलो अन् आतून काईच नाई निघालं तं? सगळ्या गावासमोर? आवाज बसलेल्या माणसाले लोक तुळस आणून देतात. विसरलेल्याले हसतात."

मला आधी संताप आला. मी म्हटलं, "मनजे इतके दिवस आमी परातीत मासे निवडून राह्यलो ते उगाच? नवस तं कवाच फिटला! तुमी कोंबडी खाऊ शकत होता!"

"खाल्ली असती तं तुझ्या आईले समजलं असतं ना," ते म्हणाले.

तेव्हा मला रडू आलं. एका अंड्यासाठी कोंबडीशी भांडलेला हा माणूस, समोर कोंबडीचा रस्सा खायची मोकळीक असताना, भीतीपोटी झिंग्यांवर दिवस काढत होता. एवढी भीती त्यांच्या पोटात होती आणि मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. "आईले सांगू नको," ते म्हणाले. मी नाही सांगितलं. रात्री ताटावर बाबांनी नेहमीसारखा खेकड्याचा नांगा फोडला आणि कुजबुजत मीठ मागितलं.

पार्ट टेलरला गेला. मंडईचा दिवस उजाडला. आमच्याकडं पाहुण्यांची पंगत बसली, मामाकडचे, आत्याकडचे, आणि टेलर, कारण आईनंच त्याला जेवायला बोलावलं होतं. रात्री त्याचा पहिलाच मोठा पार्ट होता. तो घासाघासाला पार्ट पुटपुटत होता आणि मिशीला रश्श्याचा थेंब लागला होता. सगळ्यांच्या ताटात कोंबडी. बाबांच्या ताटात खेकडे.

आई वाढत वाढत आली, बाबांसमोर थांबली, आणि तिनं खेकड्याचं ताट सरळ उचललं. दुसरं ताट ठेवलं. त्यात कोंबडीची तंगडी आणि वर तर्रीदार रस्सा.

बाबा दचकले. घशाकडं बोट दाखवून कुजबुजले, "नवस..."

"फिटला नवस," आई म्हणाली. "रोज झोपेत बोलता तुमी. मी जागीच असतो."

पंगतीतल्या सगळ्या माना वळल्या. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी मनात म्हटलं, आता सगळं बाहेर येणार. बाबांनी मान खाली घातली आणि अख्ख्या पंगतीसमोर, भरल्या आवाजात, तापानंतर घरात पहिल्यांदाच, ते म्हणाले, "आवाज आला व. पण पार्ट नाई आठवत मले. उगाच बसवू नको."

"कोण मनते नाई आठवत? अख्खा पार्ट म्हणता झोपेत. पयल्या प्रवेशापासून. हासता बी."

"जागेपणी नाई येत. सूर्य उगवते तिथंच अडते. उगवतो तो माझ्या परवानगीनं, आणि मावळतो तो..."

"आणि मावळतो तो माझ्या भीतीनं!" आई गरजली. हातातला पळा तिनं तलवारीसारखा टेलरवर रोखला. "बोल, जमीन देतोस की जीव देतोस?"

टेलरचा घास ताटात पडला. आत्याचं लेकरू आत्याच्या पदरात शिरलं. आई तेवढ्यावर थांबली नाही, तिनं पुढचं पानभर म्हणून दाखवलं, मधे टेलरचं हवालदाराचं वाक्य आलं तेही सोडलं नाही. संपल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, रस्सा कोणाला हवा?

कोणालाच नको होता. टेलर पाणी प्यायला, आणि मोठा श्वास सोडून म्हणाला, "भाऊ, तुमीच करा. मले सकाळपासून पोटात कसंतरी होऊन राह्यलं." मी त्या माणसाला त्या क्षणी मनापासून माफ केलं.

बाबा आईकडं बघत होते. "मी अडलो तं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज पुन्हा अगदी बारीक झाला होता, पण या वेळी तो घशातून बारीक झालेला नव्हता.

"मी विंगेत बसतो," आई म्हणाली. "इतकी वर्सं तुमी बोलले अन् मी आयकलं. आता मी बोलतो, तुमी आयका."

मग तिनं त्यांना जेवा म्हटलं. बाबांनी तंगडी उचलली, एक घास खाल्ला, आणि पुन्हा वर बघून म्हणाले, "भीतीनं." आई म्हणाली, "हाव, भीतीनं. जेवा आता."